सक्षम प्राधिकाऱ्यांचा अंबाडा

माझ्या डाव्या गालावर ‘पंखा बंद करा’ हे वाक्य साडेचार वेळा येतं. पाचव्यांदा ‘पंखा बं’ इथवर पोचलं की गाल संपतो आणि कान सुरू होतो. कानात ‘काहून?’ आहे. एकदाच, कारण कान लहान आहे.

ही बाई काय बोलून राहिली, असं वाटलं असेल तर सांगते. मी माझं चित्र काढलं. टाइपरायटरवर. रेघ एकही ओढली नाही, रंग लावला नाही, नुसते शब्द मारले, ठोक्याला ठोका लावून. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, हात घातला तो पोळ्याला मोकळा झाला. मधल्या तीन महिन्यांत आमच्या घरी दुपारची झोप कोणालाही लागली नाही. खालच्या मजल्यावरही नाही.

दोष द्यायचा तर पुण्याच्या भाच्याला द्यावा लागेल. मे महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं आपलं एक चित्र टाकलं. लांबून पाहिलं तर भाचा, जवळ नेलं तर इंग्रजी शब्दांची मिक्स भाजी. लीडर, ड्रीमर, ट्रॅव्हलर. नाकावर फूडी. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ‘मामी, तुमचंही करून देऊ? दहा सेकंद लागतात,’ म्हणाला, आणि खरंच अकराव्या सेकंदाला माझं तोंड आलं. माझ्यासाठी त्यानं मराठी शब्द घातले होते. प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख, मनमिळाऊ. कपाळावर आडवा ‘आधारवड’.

मनमिळाऊ पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी एका सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षं टायपिस्ट होते. त्या छत्तीस वर्षांत जितके साहेब निवृत्त झाले तितक्यांची मानपत्रं माझ्या बोटांखालून गेली, आणि प्रत्येक मानपत्रात साहेब मनमिळाऊ होते. ज्यांनी शिपायाच्या अंगावर फाइल भिरकावली होती तेसुद्धा. मागच्या वर्षी माझी पाळी आली. माझं मानपत्र टाइप करायला ऑफिसात दुसऱ्या कोणाला सवड नव्हती, म्हणून तेही मीच केलं, आणि मसुद्यात होतं तसं तिसऱ्या ओळीत स्वतःला मनमिळाऊ करून टाकलं. मसुद्यात आपल्या मनानं बदल करायचा नाही, हा टायपिस्टचा धर्म आहे. तेव्हा हा शब्द कसा तयार होतो ते मला कोणी शिकवू नये.

भाच्याला कळवलं, माझं मी करीन. टायपिंगच्या मराठी थर्टी आणि मराठी फोर्टी, म्हणजे मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या, दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली बाई आहे मी. तुझे दहा सेकंद तर माझे दहा दिवस, एवढाच फरक.

आधी सुनेच्या लॅपटॉपवर बसले. मंगल फॉन्ट घेतला. पण या नव्या फॉन्टांत ज्याला जितकी जागा हवी तितकी तो घेतो, एसटीच्या सीटवर घेतात तशी. ‘र’ कडेला अंग चोरून बसतो, ‘क्ष’ पाय पसरून. त्यामुळे वरच्या ओळीतलं नाक खालच्या ओळीत गालावर जातं. मग हातवळणीचा कृतिदेव काढला. तोही बेशिस्तच, पण निदान बोटांना ओळखतो. त्यात अर्धं कपाळ जमवून भाच्याला पाठवलं. त्याच्याकडे कृतिदेव नव्हता. कृतिदेव म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा, फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. इकडे मी ‘मराठी’ लिहिलं की तिकडे ‘ई जे के बी एच’ उमटतं. भाच्यानं विचारलं, ‘मामी, हा व्हायरस आहे का?’ माझ्या तोंडाला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं आहे, व्हायरस कोणी म्हटलं नव्हतं.

ठोक्याखाली ठोका बसायचा तर टाइपरायटरच पाहिजे. तिथे ‘र’ असो की ‘ह’, सगळ्यांना एकच माप. आणि टाइपरायटर माझ्याकडे होता. गोदरेजचा. गोदरेजनं टाइपरायटर करायला घेतले १९५५ साली, माझं मशिन त्याच्या बरंच नंतरचं, पण माझ्या आधी निवृत्त झालेलं. कॉम्प्युटर आल्यावर ऑफिसातली सगळी मशिनं निर्लेखित झाली. निर्लेखन म्हणजे वस्तू समोर धडधाकट उभी असते आणि रजिस्टरात ती नसते. लिलावात साडेतीनशे रुपयांना मी ते घेतलं होतं. तेव्हापासून ते माळ्यावर, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी. ते खाली उतरवताना ह्यांच्या कमरेत उसण भरली. पुढच्या सगळ्या प्रकरणात ह्यांची जी भूमिका राहिली तिच्या मुळाशी ही उसण आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

रिबन वाळून सुतळी झाली होती. नागपूरच्या बर्डीवर पाच दुकानं पालथी घातली. एका पोरानं ‘आहे ना काकू’ म्हणून उत्साहानं गिफ्ट बांधायची रिबन काढली, गुलाबी, जरीच्या काठाची. शेवटी कचेरीसमोर झाडाखाली बसणारा एक टायपिस्ट सापडला. माझ्याच पिढीचा. त्याचं मशिनही माझ्या मशिनाच्या पिढीचं.

‘रिबन कायले पायजे ताई? ॲफिडेव्हिट असन तर मीच मारून देतो.’

‘चित्र काढून राहिले.’

‘कोनाचं?’

‘माझं.’

त्यानं मला नीट पाहून घेतलं. ‘थे समोरच्या दुकानात पासपोर्ट फोटो निंघते. आठाची शीट.’

मी सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता कोणाचं तरी प्रतिज्ञापत्र मारत होता, न बघता. मला त्याचा एकदम हेवा वाटला. शेवटी डब्यातून दोन रिबनी काढून दिल्या, अर्धी काळी अर्धी लाल, आणि वरून एक सल्ला, ‘लाल जास्त मारू नका. लाल मारली का कागद नोटीसवानी दिसते.’

मग आखणी. माझा एक फोटो ओवीच्या, म्हणजे नातीच्या, गणिताच्या चौकटीच्या वहीवर ट्रेस केला. एक चौकट म्हणजे एक ठोका. चेहरा साठ चौकटी रुंद, पंच्याहत्तर उंच. रविवारी जेवण करून बसले ते दिवेलागणीला कच्चा खर्डा तयार झाला, नुसते ‘ट’ आणि ‘ह’ मारून. रोलर फिरवते आहे, फिरवते आहे, कागद संपत आला तरी हनुवटी येईना. माझं तोंड पुरणपोळीसारखं गोल. कागदावर होता घोडा.

कारण साधं आहे, पण छत्तीस वर्षं मशिनवर बसूनही कधी ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मशिनवर आडव्या इंचात दहा ठोके बसतात आणि उभ्या इंचात सहा ओळी. वहीतली चौकट चारी बाजूंनी सारखी असते, ठोक्याचं घर उभट असतं. साठ ठोके म्हणजे सहा इंच आणि पंच्याहत्तर ओळी म्हणजे साडेबारा. मी फुलस्केप घेतला होता म्हणून हनुवटी तरी मिळाली, ए-फोर असता तर ओठांवर काम संपलं असतं. ह्यांनी कागद हातभर लांब धरला. ‘झिरो माइलच्या स्तंभापाशी चार घोडे उभे आहेत,’ म्हणाले, ‘पाचवा कोणी मागवला होता का?’

पुन्हा आखलं. साठ ठोके, पंचेचाळीस ओळी. सत्तावीसशे ठोके. परीक्षेच्या स्पीडनं हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

पण पंधरा मिनिटांत ते होतं जेव्हा मजकूर समोर असतो तेव्हा. इथे मजकूर कोण देणार? आयुष्यात मी एकही ओळ स्वतःच्या मनानं मारलेली नाही. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर’ हे झोपेत मारीन, पण माझ्या नाकावर काय लिहायचं? घरच्यांना विचारलं. सून म्हणाली, ‘आई, तुम्ही किती समजूतदार आहात!’ म्हणजे पुन्हा मानपत्र. मुलानं मोबाइलमधून डोकं वर न काढता ‘स्ट्राँग’ म्हटलं. ह्यांनी ‘विचार करून सांगतो’ असं सांगितलं आणि अजून सांगितलेलं नाही.

काम केलं ते ओवीनं. तिला म्हटलं, उद्या दिवसभर माझ्या मागे फिर आणि मी काय काय म्हणते ते लिहून ठेव. एका पानाला एक चॉकलेट. पोरीनं चार उभ्या आणि पाचवी तिरपी, असे गठ्ठे मारून रात्री हिशोब दिला. अहो, एकेचाळीस. काहून, बावीस. पंखा बंद करा, एकोणीस. गॅस बंद केला का, चौदा. चष्मा कुठे आहे, अकरा. असू दे, नऊ. सांबार निवडायचा राहिला, चार. (नागपूरबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या भाच्यानं एकदा माझ्या तोंडचा ‘सांबारवडी’ हा शब्द ऐकून इडलीचं काय झालं असं विचारलं होतं.) खाली तिनं तिच्या बुद्धीनं पुरवणी जोडली होती, ‘प्रेमळ, शून्य. मनमिळाऊ, शून्य.’

मजकूर मिळाला. आता प्रश्न सावलीचा. शब्दांचं चित्र म्हणजे मुळात उजेड-अंधाराचा खेळ. जिथे उजेड तिथे फिकं अक्षर, जिथे सावली तिथे गडद. मी एका कागदावर सगळ्या अक्षरांच्या ओळी मारल्या, भिंतीला लावल्या आणि सहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहिल्या. पूर्णविराम सगळ्यांत फिका. मग ट, र, ग. मधल्या रांगेत क, स, ब. जोडाक्षरं आली की कागद काळवंडायला लागतो. आणि क्ष म्हणजे अमावस्या.

इथे एक गोष्ट, ज्यांनी फक्त मोबाइलवर मराठी लिहिली आहे त्यांच्यासाठी. टाइपरायटरवर ख, घ, थ, ध, भ, श, ण, क्ष ही अक्षरं अर्धीच असतात. आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालचा काना मारून त्याला पुरं करायचं. दोन ठोके. त्यामुळे कोणता शब्द किती जागा खाईल ते त्याच्या अर्थावर मुळीच नसतं. राग तीन ठोक्यांत होतो. क्षमेला चार लागतात.

आणि नुसते ठोकेच नाहीत, रंगही उलटे. राग हा शब्द मारून पाहा, इतका हलका, इतका फिका, जणू काही झालंच नाही. क्षमा गडद काळी. आता माझं कपाळ आणि नाकाचा शेंडा उजेडात आहेत, तिथे फिका शब्द हवा. झालं, कपाळभर राग. नाकाच्या शेंड्यावर राग असतो म्हणतात तो माझ्या बाबतीत निव्वळ छपाईच्या सोयीसाठी आहे. क्षमा गेली डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत. सुनेनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही, त्या दिवशी चहा मात्र आलं घालून आला.

अंबाड्याला सगळ्यांत काळे शब्द लागत होते, आणि घरच्या बोलण्यात तितके काळे शब्द निघेनात. ते ऑफिसातून आणावे लागले. ‘सक्षम प्राधिकारी’! या दोन शब्दांइतकं काळंभोर मराठीत काही नाही. जोडीला ‘अक्षम्य दिरंगाई’, ‘स्पष्टीकरण’, ‘प्रतिस्वाक्षरी’. छत्तीस वर्षं जे डोक्यावर बसले होते त्यांना मी गुंडाळून मानेवर बांधलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस पिकले आहेत, तिथे प्रामाणिकपणे काहीच मारलं नाही, कोरा कागद सोडला. ह्यांनी विचारलं, ‘इथे टक्कल दाखवायचं कारण?’ मग तिथे विरळ विरळ ‘असू दे’ पेरलं.

भुवयांवर ‘अहो’. ह्यांचं नाव मी घेत नाही, त्यामुळे चित्रात ते याच रूपानं येणार होते. त्यांना बरं वाटेल म्हणून दाखवायला गेले. ‘एवढ्या मोठ्या चेहऱ्यात मला भुवया?’ म्हणाले. म्हटलं, त्या वर चढतात तेव्हा कारण तुम्हीच असता.

नवतप्याचं सांगायचं राहिलं. पारा पंचेचाळीसच्या वर. हॉलमध्ये कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की रोलरवरचा फुलस्केप पताकेसारखा फडफडतो. कूलर बंद केला तर घाम टपकतो, टपकतो तो नेमका ओल्या शाईवर. पहिल्या कागदाच्या उजव्या डोळ्यात असा मोतीबिंदू झाला आणि कागद फाडावा लागला. शेवटी तोडगा निघाला. कूलर चालू ठेवायचा, आणि ह्यांनी माझ्या आणि कूलरच्या मधे छत्री उघडून उभं राहायचं. हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. उभं राहायची सवय आहे, गप्प राहायची नाही. छत्रीमागून संस्कृत कवी माघ सुरू झाला. शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गात माघानं श्लोकांची अक्षरं कशी चक्रात बसवली, मुरजबंधात ढोलाच्या दोऱ्यांसारखी कशी ओवली, सर्वतोभद्र कुठूनही वाचा तोच कसा येतो. ‘आणि एक श्लोक तर फक्त ‘द’ या एका व्यंजनाचा! तुला साठ अक्षरांचं तोंड जमत नाही.’

म्हटलं, माघाच्या ‘द’ची दांडी अडकत नव्हती, माझ्या मशिनची अडकते.

तिसऱ्या दिवशी त्यांची उसण पुन्हा भरली आणि माघ थांबला. छत्री खुर्चीला बांधली. ती जास्त बरी उभी राहिली.

तसं पाहिलं तर या कामात माझी एक पूर्वज आहे. १८९८ साली फ्लोरा स्टेसी नावाच्या बाईनं टाइपरायटरवर कंस, आडव्या रेघा, टिंबं, तिरप्या रेघा मारून फुलपाखरू काढलं आणि ते पिटमनच्या नियतकालिकात छापून आलं. ज्या पिटमनच्या शॉर्टहँडनं आमच्या कित्येक मैत्रिणींची बोटं वाकडी केली, तोच पिटमन. बाईला माझा नमस्कार. पण तिला दोन सोयी होत्या. एक, फुलपाखरू आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही असं विचारायला घरात दुसरं फुलपाखरू नव्हतं. दुसरी, इंग्रजी मशिनवर अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. आपल्याकडे शिरोरेखा. गालावर कितीही नाजूक शब्द मारा, प्रत्येक ओळीला वरून एक दांडी पडणारच. पंचेचाळीस ओळी म्हणजे पंचेचाळीस आडव्या दांड्या, कपाळापासून गळ्यापर्यंत. मी कुणाकडे तरी खिडकीच्या गजांतून पाहते आहे असं दिसायला लागलं. कपाळावर मात्र काम फुकटात झालं. आठ्या वेगळ्या काढाव्या लागल्या नाहीत.

जूनमध्ये पाऊस आला, कूलर सुटला, आणि शेजारी सुरू झाले. आधी खालच्या मजल्यावरचे भाऊ वर आले. ‘काकू, टाइल्स बसवून राहिले का?’ मशिन दाखवलं. ते एकदम हळवे झाले, त्यांच्या लग्नाआधी त्यांनीही थर्टीचा क्लास लावला होता, ‘लग्न ठरलं आणि सुटला’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच भाऊ एक अर्ज घेऊन आले. नळाचं बिल दुपटीनं आलं होतं. ‘हातानं लिहिलेलं तिथं कोणी पाहत नाही, आणि कॉम्प्युटरवर सगळेच काढतात. मशिनवर मारलेला कागद म्हटला का साहेब दचकतो.’ माझा हात शिवशिवला. मजकूर तयार, विषय तयार, संदर्भ तयार, छत्तीस वर्षांचं व्यसन. रोलरवरून माझं तोंड काढलं, अर्ज चढवला, चार मिनिटांत उतरवला, तोंड परत चढवलं.

कुठल्याही टायपिस्टला विचारा, एकदा काढलेला कागद होता तिथेच परत बसवणं म्हणजे काय असतं ते. केसभर इकडे, केसभर तिकडे. नाकापर्यंतचा भाग आधीच्या चढवणीतला, ओठ नंतरच्या. अर्धी ओळ खाली आणि दीड ठोका उजवीकडे. मी छद्मी हसते आहे असं दिसतं. भाऊंचं बिल कमी होऊन आलं. माझं तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं.

बातमी पसरली. भाडेकरूला नोटीस, शाळेत नाव बदलायचा अर्ज, सोसायटीच्या लिफ्टची तक्रार. एका आजोबांनी मुलाला पत्र मारून नेलं, ‘सविनय कळविण्यात येते की आपण गेल्या दिवाळीपासून घरी आलेले नाहीत’. मसुदा त्यांचा होता, मी बदल केला नाही. या सगळ्या अर्जांचे मिळून माझ्या चेहऱ्यावर सात सांधे आहेत. जाणकाराला दिसतात.

चुकांचंही एक सांगते आणि पुढे जाते. एकतिसाव्या ओळीत दाराची घंटी वाजली आणि बोट घसरलं, भलत्या जागी एक जाडजूड ‘ष्ठ’ पडला. व्हाइटनर लावला, तो वाळायच्या आत वर ठोका मारला, मग पुन्हा व्हाइटनर. आता तिथे उंचवटा आहे. लोक त्याला तीळ म्हणतात. माझा खरा तीळ दुसऱ्या बाजूला आहे, तोही काढलेला आहे.

पोळ्याच्या दिवशी शेवटची ओळ मारली. बेल वाजली, कॅरेज मागे ढकलली, आणि मारायला काही उरलं नव्हतं. फक्त कुंकू बाकी होतं. झाडाखालच्या त्या माणसाचं ऐकायला हवं होतं. पण रिबनचा लाल भाग कोरा होता, सणाचा दिवस होता. लिव्हर खाली केली आणि कपाळाच्या मधोमध लाल ‘कुंकू’ मारलं, एकाखाली एक, दोनदा. मग ओठ तरी फिके का, म्हणून त्यांच्यावरूनही लाल फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलगा सकाळीच ओवीला खांद्यावर घेऊन मारबती, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणारे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीत पाहायला गेला होता. काळी मारबत निघते ती १८८१ पासून, आणि पिवळी १८८५ पासून. नागपुरात जन्मलेल्या पोरीला हे एकदा दाखवलंच पाहिजे. दुपारी पोरगी परत आली, धुळीनं माखलेली, घसा बसलेला. मी कागद हॉलच्या भिंतीवर चिकटवला होता. तिनं दारातूनच पाहिला. काळा चेहरा, वर काळा डोंगर, कपाळावर लाल, वाकडे लाल ओठ.

‘आजी! आपल्या घरी पण मारबत!’

आणि बसलेल्या घशानं, दोन्ही हात वर करून सुरू झाली, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ खालच्या भाऊंचा पोरगा जिन्यात होता, तो धावत आला. मग सोसायटीतली आणखी चार. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कडेवर घेऊन सगळी माझ्या तोंडासमोर नाचायला लागली. खोकला घेऊन जा, गृहपाठ घेऊन जा, लिफ्टचा बिघाड घेऊन जा. मारबतीसोबत बडग्या, म्हणजे पुरुषाचा पुतळा, लागतो, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आतल्या खोलीत गेले.

फोटो काढून भाच्याला पाठवला. मोबाइलवर शब्द दिसत नाहीत, नुसता करडा धब्बा दिसतो. त्यानं अंगठा पाठवला आणि विचारलं, ‘मामी, कोणतं ॲप?’

रात्री जेवणं आटोपल्यावर ह्यांनी चष्मा लावला आणि कागद भिंतीवरून अलगद काढून मांडीवर घेतला. आतापर्यंत सगळ्यांनी तो लांबून पाहिला होता. हे वाचायला लागले. शिक्षकाची सवय, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून. ओठ हलत होते. अंबाड्यात बराच वेळ रेंगाळले, ‘प्राधिकारी’मधले ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले असावेत. कपाळावरून भराभर उतरले. भुवयांवर आले. ‘अहो... अहो... अहो...’ आणि मान वर करून म्हणाले, ‘काय?’

‘मी कुठे काय म्हटलं?’

‘बरं,’ म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. डोळ्यांखाली बोट जरा थांबलं. मग नाक, मग डावा गाल. गालाच्या दुसऱ्या ओळीत उठले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. बाहेर पाऊस नव्हता, खोली तापली होती, दोघांनाही घाम फुटला. मी काही बोलले नाही. छत्तीस वर्षांत माझं टायपिंग इतकं लक्ष देऊन कोणी वाचलं नव्हतं.

ओठांचा सांधा त्यांनी बोटानं ओलांडला. हनुवटीवर आले. तिथे ‘गॅस बंद केला का’ आहे, एकाखाली एक, सहा ओळी, खाली खाली लहान होत जाणाऱ्या. पहिल्या दोन वाचल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थबकलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, कागद खुर्चीवर ठेवला आणि कमरेवर हात देत उठले.

आतून बटण फिरवल्याचा आवाज आला.

‘राहिलाच होता गं,’ तिथूनच म्हणाले. ‘अर्ध्या लिटरचं पावशेर झालं.’